ड्रायव्हरशिवाय धावणारी कार: फायदे किती, धोके किती?

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात ॲपवरून टॅक्सी बोलावली, तर दारात आलेल्या गाडीत ड्रायव्हरच नसेल, अशीही शक्यता असते. मागे बसायचं, पट्टा लावायचा, स्टिअरिंग आपोआप फिरतं. गूगलच्या २००९ मधल्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या ‘वेमो’ कंपनीची ही सेवा तिथे २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

मग आता ड्रायव्हरची गरज संपली का? त्यासाठी आधी ही गाडी चालते कशी, ते पाहू.

गाडीला रस्ता कसा दिसतो?

वेमोच्या गाडीवर कॅमेरे, रडार आणि लायडार असतात. लायडार म्हणजे लेझर किरणांनी आसपासच्या वस्तूंचं अंतर मोजणारं उपकरण. या माहितीवरून आतला संगणक ब्रेक, वेग आणि वळण ठरवतो.

स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा सहा लेव्हल मानल्या जातात. लेव्हल २ मध्ये गाडी वेग आणि स्टिअरिंग सांभाळते, पण रस्त्यावर लक्ष माणसानेच ठेवायचं असतं. लेव्हल ४ मध्ये ठरावीक भागात माणूस लागतच नाही. वेमोची टॅक्सी या गटातली. कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही हवामानात चालणारी लेव्हल ५ ची गाडी अजून बाजारात आलेली नाही.

फायदे काय?

• संगणकाला डुलकी लागत नाही, तो दारू पीत नाही, मोबाईलवर बोलत नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोकांचा जीव गेला. त्यामुळे हा फायदा छोटा नाही.
• दृष्टिहीन, वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींना कुणावर अवलंबून न राहता प्रवास करता येतो.
• रोजच्या प्रवासाचा वेळ वाचन, काम किंवा आरामासाठी मिळतो.

तोटे काय?

• अनपेक्षित प्रसंगात यंत्र गोंधळतं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. गाडीच्या सेन्सरना ती सुमारे साडेपाच सेकंद आधी दिसली होती, पण समोर नेमकं काय आहे, हे संगणकाला ठरवता आलं नाही. देखरेखीसाठी बसलेल्या चालकाची नजर तेव्हा मोबाईलवर होती.
• रोजगाराचा प्रश्न मोठा आहे. याच कारणाने केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्येच अशा गाड्यांना भारतात परवानगी देणार नसल्याचं सांगितलं होतं.
• अपघात झाला तर जबाबदार कोण? गाडीत बसलेला, मालक की कंपनी? ब्रिटनने २०२४ मध्ये कायदा करून गाडी स्वतः चालत असताना तिच्या वागण्याची जबाबदारी प्रवाशावर नाही, तर त्यासाठी मान्यता घेतलेल्या कंपनीवर टाकली. असे स्पष्ट नियम सगळीकडे नाहीत.
• हॅकिंगची भीती आणि सतत चालू असलेल्या कॅमेऱ्यांमुळे खासगीपणाचा प्रश्नही आहेच.

मग आपल्याकडे?

पुसलेले पट्टे, उलट दिशेने येणारी दुचाकी, मध्येच बसलेली गाय... आपले रस्ते यंत्रासाठी कठीण परीक्षा आहेत. पण खरी काळजी आजचीच आहे. आपल्याकडच्या अनेक नव्या गाड्यांत ‘एडास’ ही लेव्हल २ ची सोय मिळते. ती सुरू करून स्टिअरिंग सोडल्याचे रील तुम्हीही पाहिले असतील. टेंपीतही गाडी सगळं पाहून घेईल असं गृहीत धरून माणसाने नजर हटवली होती. एडास ही मदतनीस आहे, ड्रायव्हर नाही. तुमच्या गाडीत ती असेल, तर हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावरच हवेत.