टिटलिस : केबल कारने हिमनदीपर्यंत

युरोपच्या सहलीला निघालेल्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमपत्रिकेत माउंट टिटलिसचे नाव बहुधा असतेच. मध्य स्वित्झर्लंडमधील या शिखराची उंची ३,२३८ मीटर आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एंगेलबर्ग गावातील काही धाडसी रहिवाशांनी ते प्रथम सर केले, असे मानले जाते. आज त्याच पर्वताच्या हिमनदीवर आजी-आजोबा आणि नातवंडे अर्ध्या-पाऊण तासात पोहोचतात. मात्र ज्या बर्फासाठी हा खटाटोप, तोच आता झपाट्याने आटत आहे.

पायथा ते माथा

सहलीची सुरुवात ल्युसर्नहून होते. तेथून आगगाडीने पाऊण तासात एंगेलबर्ग गाठता येते. सुमारे एक हजार मीटर उंचीवरील या गावात ११२० मध्ये स्थापन झालेला बेनेडिक्टाइन मठ आहे. मठाभोवती वाढलेल्या या गावाच्या नावाचा अर्थ 'देवदूतांचा डोंगर' असा होतो.

गावातून निघणारी 'टिटलिस एक्स्प्रेस' ही केबल कार २०१५ मध्ये सुरू झाली. वाटेत सुमारे १,८०० मीटर उंचीवर ट्रुब्झे तलाव लागतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे प्रवासाच्या मध्यावरच आपण कळसूबाईच्या वर गेलेलो असतो.

सुमारे २,४५० मीटरवरील 'स्टँड' या स्थानकावर गाडी बदलावी लागते. पुढचा टप्पा 'रोटेअर'चा. १९९२ मध्ये सुरू झालेली ही जगातील पहिली फिरती केबल कार. सुमारे पाच मिनिटांच्या प्रवासात ती स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेते. त्यामुळे खिडकीच्या जागेसाठी धडपड न करताही दरी, कडे आणि बर्फाच्या भेगा साऱ्यांना दिसतात. अखेरचे स्थानक तीन हजार मीटरहून थोड्या अधिक उंचीवर आहे.

माथ्यावर काय पाहाल?

हिमनदीच्या पोटात कोरलेली सुमारे १५० मीटर लांबीची गुहा, बर्फावरून अलगद नेणारी 'आइस फ्लायर' ही खुर्चीगाडी आणि २०१२ मध्ये खुला झालेला 'क्लिफ वॉक' हा झुलता पूल ही येथील मुख्य आकर्षणे. पूल जेमतेम एक मीटर रुंद असून खाली सुमारे ५०० मीटर खोल दरी आहे. हिंदी चित्रपटांमुळे भारतीयांना आल्प्सची ओढ लागली. त्याची दखल घेऊन येथे 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या नायक-नायिकेची पूर्णाकृती प्रतिमाही उभारण्यात आली. चित्रपटाचे बरेचसे स्विस चित्रीकरण मात्र झाले होते झानेन-ग्श्टाड परिसरात.

आटणारी नदी

हिमनदी म्हणजे केवळ साचलेला बर्फ नव्हे. वर्षानुवर्षे पडलेले हिम स्वतःच्याच भाराने दाबले जाऊन त्याचा टणक बर्फ होतो आणि तो उतारावरून अत्यंत संथ गतीने सरकतो. हिवाळ्यातील जमा आणि उन्हाळ्यातील वजाबाकी यांचा मेळ बसला, तरच ती टिकते. हा ताळेबंद आता बिघडला आहे.

स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांच्या अधिकृत मोजणीनुसार २०२२ मध्ये त्यांतील सुमारे ६ टक्के आणि २०२३ मध्ये सुमारे ४ टक्के बर्फ नाहीसा झाला. या दोन वर्षांतील घट १९६० ते १९९० या तीस वर्षांतील घटीइतकी होती. २०१५ ते २०२५ या दशकात जवळपास एक चतुर्थांश बर्फ गमावला गेला. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, ते याच चिंतेतून.

टिटलिसवर उन्हाळ्यात बर्फाचा काही भाग पांढऱ्या कापडाने झाकला जातो. कापड सूर्यप्रकाश परतवते आणि त्याखालचा बर्फ कमी वितळतो. हा उपाय छोट्या जागेपुरताच चालतो. संपूर्ण हिमनदीवर पांघरूण घालणे शक्य नाही. हवेची तापमानवाढ थांबत नाही, तोवर ही मलमपट्टीच ठरते.

जाण्यापूर्वी

पायथ्यापेक्षा माथ्यावर तापमान साधारणपणे बारा-तेरा अंशांनी कमी असते. त्यामुळे जुलैमध्येही लोकरी कपडे, न घसरणारे बूट आणि काळा चष्मा जवळ हवा. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असल्याने धाप लागते. हृदयविकार वा श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वर घाईने चालू नये, डोके दुखू लागल्यास लगेच खाली उतरावे. धुके असल्यास माथ्यावर काहीच दिसत नाही. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी शिखरावरील कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहावे. देखभालीसाठी केबल कार वर्षातून काही दिवस बंद असते, त्या तारखाही आधी तपासाव्यात.

दिवसभराच्या या सहलीत छायाचित्रे तर सगळेच काढतात. सोबतच्या मुलांना पायाखालचा बर्फ कसा तयार झाला आणि तो का कमी होत आहे, हे तेथेच सांगितले, तर ही सहल त्यांच्या अधिक लक्षात राहील. त्यांच्या मुलांना ही हिमनदी आज आहे तशी दिसण्याची शक्यता फार कमी आहे.