फारखतीनंतरची पत

चौफुल्याहून मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनास निघालेल्या माणसाला वाटेत सुपे लागते. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. याच सुप्यात १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले आणि पुढे 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखल्या गेलेल्या उठावाला तोंड फुटले. तेव्हा सुपे भीमथडी तालुक्यात होते; आज ते मोरगावप्रमाणेच बारामती तालुक्यात आहे. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जखते आणि हुकूमनामे हाती पडले की बहुधा जमाव निवळत असे. ते देण्यास सावकाराने नकार दिला तरच बळाचा वापर होई.

कथा इथवर पाठ्यपुस्तकांतही येते. आम्हांला प्रश्न पडतो तो तिच्या पुढच्या महिन्याचा. खते मे महिन्याच्या मध्यावर जळाली आणि मृग नक्षत्र अवघ्या चार आठवड्यांवर होते. बियाणे, बैल, पावसाळ्यातले धान्य आणि सरकारी सारा यांसाठी पैसा आता कोणाकडे मागायचा? ज्याची वही जळाली त्याच्याच दारात पुन्हा जायचे, की दुसरे दार होते? खताबरोबर देणे जळते हे खरे. पण त्याच आगीत पतही जळते काय?

या प्रश्नाचे एक टोक मराठी भाषेतच सापडते. देणे फिटल्याचा लेखी दाखला म्हणजे फारखत. हाच शब्द 'फारकत' या रूपात काडीमोडासाठी रूढ झाला आहे. ऋणातून सुटणे आणि नाते तुटणे या दोन गोष्टी एकाच शब्दाने सांगाव्यात, यात आम्हांला खेड्यातल्या पतव्यवहाराचे मर्म दिसते. कुणब्याचा धनको आणि त्याचा पुढचा धनको बहुधा एकच माणूस असे. जुने देणे हीच नव्या देण्याची ओळख होती. त्यामुळे देणे संपवणारा प्रत्येक उपाय नकळत उसनवारीचे दारही बंद करीत असे.

हे दार आधीच अरुंद झाले होते. इंदापूर तालुका मुंबई इलाख्यातील नव्या जमीनमोजणीचा आणि साराबंदीचा पहिला प्रयोग. १८३६ साली तेथे तीस वर्षांसाठी आकार ठरला आणि १८६७ साली तो बराच वाढवण्यात आला. मधल्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, पैसा मुबलक झाला आणि सावकारही सढळ हाताने देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. वाढीव सारा आणि वाढलेले कर्ज मात्र मागे राहिले. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता; परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याचा प्रघात पडला. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये हा दामदुपटीचा जुना दंडक त्यामुळे कागदावरच राहिला. कारण प्रत्येक नव्या खतात मागचे व्याजच मुद्दल होऊन बसे.

दंग्यांनंतर चार वर्षांनी, १८७९ साली, 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. खताच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा मूळापासून हिशेब पाहण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला, आणि कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे बंद केले. आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण नादारीचे. पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करता येई. कुटुंबाच्या निर्वाहास लागणारी जमीन त्याच्याकडे ठेवून उरलेली जास्तीत जास्त सात वर्षे कलेक्टरच्या व्यवस्थेखाली देण्याची आणि तिच्या उत्पन्नातून देणी भागवण्याची सोय होती. कायदा म्हणून ही रचना माणुसकीची होती. तरीही शेतकऱ्यांनी तिचा फारसा आश्रय घेतला नाही.

याचे कारण अज्ञान किंवा अब्रूची भीती एवढेच मानणे आम्हांला पटत नाही. नादार ठरलेल्या माणसाला पुढच्या हंगामात कोण देणार, याचे उत्तर कायद्यात नव्हते. सावकारांनी मात्र आपले उत्तर शोधले. गहाणखताचा हिशेब न्यायालय उलगडू शकते हे ध्यानात येताच ते उघड खरेदीखत मागू लागले. जमीन परत देण्याचे वचन तोंडी राहिले. ज्या कायद्याने जमीन वाचवायची होती त्याच्या छायेत कर्जाची अट म्हणून जमीन आधीच नावावर करून देण्याची वेळ आली.

ही उणीव ज्यांनी नेमकी ओळखली त्यांत सर विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची नावे घ्यावी लागतात. रानडे पुढे या कायद्याखालील न्यायालयांच्या तपासणीच्या कामावर होते. १८८२ च्या सुमारास वेडरबर्न यांनी मोरगावला लागूनच असलेल्या पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली आणि रानड्यांनी तिचा पुरस्कार केला. योजनेचे दोन भाग होते. आधी तालुक्यातील जुन्या कर्जांची तपासणी करून सरकारी आगाऊ रकमेतून ती तडजोडीने मिटवायची. मग मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याला बँकेने माफक व्याजाने नवे कर्ज द्यायचे. फारखत आणि नवी पत एकाच हाताने देण्याचा हा विचार होता. लॉर्ड रिपन यांच्या सरकारची त्यास अनुकूलता होती, परंतु लंडनमधील भारतमंत्र्यांनी मान्यता दिली नाही. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाई मिळू लागली, पण पुरंदरची बँक निघालीच नाही. १८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेपुढे वाचलेल्या निबंधात रानडे पतव्यवस्थेच्या पुनर्रचनेकडे पुन्हा वळले. केवळ ऋणमुक्तीने काम भागत नाही हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आम्हांला आजही महत्त्वाचे वाटते.

१९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने निराळी वाट काढली. गावच्या संस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्यादित ठेवली गेली. एकाच्या थकबाकीचा भार सर्वांवर येई. एकट्याची पत नसेल तर शेजाऱ्यांची पत त्याच्यामागे उभी करायची, हे तिचे तत्त्व. अर्थात ज्याचा हात एकदा आखडला त्याच्यामागे उभे राहण्यास शेजारी तयार असतील तरच हे तत्त्व चालणार. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालची जमीन आणि सुपे-मोरगावचा जिराईत पट्टा एकाच तालुक्यात आहेत. पण उसाच्या भरवशावर मिळणारे कर्ज आणि पावसाच्या भरवशावर मागितलेले कर्ज यांना एकच माप कधी लागले नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे याच जिल्ह्यातील देहूची एक कथा आठवावी. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले. महिपतीने सांगितलेल्या चरित्रकथेनुसार जिजाईने स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून पतीला पुन्हा व्यापारास धाडले. नफाही झाला, मात्र परतताना कर्जात गांजलेला एक माणूस भेटला आणि तुकोबांनी ती रक्कम त्याला देऊन टाकली. आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडणारे तुकोबा आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. खत बुडवणारा तो हात कवितेच्या वाट्याला आला, आणि दिवाळ्यानंतर पतीसाठी खत लिहून देणारी जिजाई मात्र कर्कशा म्हणून लोकस्मृतीत राहिली. दिवाळे निघालेल्या माणसाला नवे कर्ज मिळण्याची मराठीतील ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध कथा आहे, आणि त्यात पत ऋणकोची नाही, जामीन राहणाऱ्याची आहे.

आजची भाषा निराळी असली तरी पेच तोच आहे. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यानुसार, मुक्ततेचा हुकूम न मिळालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता पन्नास रुपये किंवा अधिक उधार घेणे हा गुन्हा ठरतो. १८७९ च्या कायद्यातला पन्नास रुपयांचा आकडा येथे पुन्हा भेटतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. दरम्यान स्मरणाचे काम वहीकडून पतमाहिती कंपन्यांकडे गेले. २००५ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे कर्जदाराची माहिती किमान सात वर्षे जपली जाते. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोडीने कर्ज मिटवणाऱ्यांना, शेतीकर्जे वगळता, त्या संस्थेकडून नवे कर्ज मिळण्याआधी किमान बारा महिन्यांचा विराम घालून दिला. शेतीकर्जाबाबतचा निर्णय ज्या त्या संस्थेच्या धोरणावर सोपवला. सुप्यात वही जाळता आली; ही वही जाळता येत नाही. तिच्यात नोंद चुकीची असेल तर दुरुस्त करून घेता येते, आणि नवे छोटे कर्ज वेळेवर फेडून जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद घालता येते. पण ते पहिले छोटे कर्ज मिळायला हवे.

'सातबारा कोरा करा' ही घोषणा महाराष्ट्राने अनेकदा ऐकली आहे. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीच्या योजनांनी अनेकांच्या उताऱ्यावरील बोजा उतरवलाही. तिच्यामागची वेदना खरी आहे आणि तिला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कोरा सातबारा म्हणजे पत नव्हे. सुप्याच्या शेतकऱ्याला मे महिन्यात फारखत मिळाली होती. त्याला जूनमध्ये बियाणे हवे होते. पुरंदरच्या योजनेने हे दोन महिने जोडून पाहिले होते. ती फाईलबंद झाल्यापासून आपण बहुधा मे महिन्याविषयीच बोलत आलो आहोत, असे आम्हांस वाटते.