अश्रूंच्या दारातून : तांबडा समुद्र, उन्हाळा आणि विलायतेस निघालेली मुले

एप्रिल १८८३. पंचविशीतील एक विधवा विदुषी मुंबईहून आगबोटीने इंग्लंडला निघाली. कडेवर जेमतेम दोन वर्षांची मुलगी आणि सोबतीला आनंदीबाई भगत ही मैत्रीण. वाटखर्चाला हातभार लागला तो स्वतः लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचा. विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई आणि मुलगी मनोरमा.

रमाबाईंच्या धर्मांतरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा विषय त्याच्या अलीकडचा आहे : ती वाट, त्या वाटेवरचा उन्हाळा, आणि त्यातून नेली गेलेली मुले. थ्रेड जरा लांबेल, सवडीने वाचावा.

प्रथम ऋतूचे गणित. मुंबईतून विलायतेस जाणारे कुटुंब जमल्यास मार्च ते मेच्या आरंभापर्यंत निघून जाण्याची धडपड करी. जून लागला की अरबी समुद्रात मोसमी वाऱ्याचे थैमान. त्यातून पार पडावे तर पुढे तांबडा समुद्र भट्टीसारखा तापलेला, आणि तो ताव सप्टेंबरपर्यंत उतरत नाही. म्हणजे एप्रिल सुखाचा होता असे नाही, पुढचे महिने त्याहून वाईट होते.

मुंबईहून एडन सुमारे १६५० सागरी मैल. तेथून बाब-अल-मंदेब या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात प्रवेश. या अरबी नावाचा अर्थ ‘अश्रूंचे द्वार’. पुढे सुएझपर्यंत आणखी सुमारे १३०० सागरी मैल. त्या काळच्या आगबोटीला हे अंतर कापायला पाच-सहा दिवस लागत, आणि प्रवाशांच्या आठवणींत सर्वांत लांब ठरतात ते हेच दिवस.

येथील उष्णतेचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. दोन्ही तीरांवर वाळवंट असले तरी हवा वाळवंटासारखी कोरडी नसते. उन्हाळ्यात समुद्राचे पाणीच तीस अंशांच्या वर जाते आणि हवा बाष्पाने जड होते. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. वाळवंटात रात्री गारवा तरी पडतो. येथे पाणी दिवसाची ऊब धरून बसते, म्हणून रात्रही सोडवत नाही. लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते आणि लवकर सुकते. शिवाय त्याला काय होते आहे हे सांगता येत नाही.

त्यात वाऱ्याची एक विचित्र खोड. या समुद्राच्या उत्तर भागात वारा वर्षभर बहुतेक वायव्येकडून येतो. दक्षिण भागात मात्र ऑक्टोबरपासून मेपर्यंत तो दक्षिणेकडून वाहतो. म्हणजे एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघालेल्या आगबोटीच्या पाठीशी वारा. शिडाच्या जहाजाला ही पर्वणी; आगबोटीला शिक्षा. बोट आणि वारा एकाच दिशेने, जवळपास एकाच वेगाने चालले की डेकवर झुळूक म्हणून उरत नाही, आणि धुराड्याचा धूरही सरळ वर जाऊन डोक्यावरच रेंगाळतो. अशा वेळी कप्तानाने बोट उलटी फिरवून थोडा वेळ वाऱ्याकडे तोंड करून चालवल्याच्या कथा आगबोटींच्या दंतकथांत वारंवार येतात. दक्षिणेचा आणि उत्तरेचा वारा जेथे भेटतात त्या मधल्या पट्ट्यात तर वाराच पडलेला असतो.

मग कुटुंबे काय करीत? रात्री केबिन सोडून गाद्या डेकवर आणीत. एका बाजूला बायका-मुले, दुसऱ्या बाजूला पुरुष, असा रिवाज असे. पहाटे खलाशी डेक धुवायला येत, तेव्हा झोपेतल्या मुलांना उचलून पुन्हा खाली त्या कोंडलेल्या खोलीत न्यावे लागे. केबिनच्या गोल खिडकीत पत्र्याचे सुपासारखे साधन बसवून मिळेल तेवढा वारा आत ओढून घेत. भोजनगृहात दोरीचा पंखा असे आणि तो ओढणारा पोरगाही पुष्कळदा कोणाचे तरी लहान मूलच असे. विजेचे पंखे पुढे आले.

याहून वाईट प्रसंग म्हणजे कोळसा भरणे. एडन इंग्रजांनी १८३९ मध्ये घेतले, त्यामागे कोळशाच्या ठाण्याची गरज हे एक मोठे कारण होते. त्याच्या नऊ वर्षे आधी, मार्च १८३० मध्ये, मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट प्रथम सुएझला गेली, तेव्हा तिच्यात कोळसा इतका ठासला होता की माणसांना जागा उरली नव्हती. रमाबाईंच्या काळी बोटी मोठ्या झाल्या, पण मधल्या बंदरात कोळसा घेणे टळले नव्हते. भुकटी आत येऊ नये म्हणून खिडक्या-दारे लावून घ्यायची, आणि बाहेर कोळशाच्या टोपल्या रित्या होईपर्यंत आत मुलांना घेऊन बसायचे.

सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला आणि सुएझला उतरून खुश्कीने इजिप्त ओलांडण्याचा त्रास संपला. तरी १८८७ मध्ये विजेच्या झोतदिव्यांच्या आधाराने रात्रीची वाहतूक सुरू होईपर्यंत कालव्यात जहाजे रात्री थांबून राहत. दोन्ही काठांना वाळू, चालत्या बोटीचा वाराही नाही.

येथे एक अवांतर. आपण मराठीत सर्रास ‘पॉश वस्ती’ म्हणतो. हा शब्द याच वाटेवरचा, जाताना डावीकडच्या आणि येताना उजवीकडच्या सावलीच्या केबिनींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आला, असे छातीठोकपणे सांगितले जाते. कथा सुरेख आहे, पण तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. सावलीच्या बाजूची केबिन सर्वांनाच हवी असे, एवढे मात्र खरे.

आता मुलांकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात डिसेंबर १८६५ मध्ये जन्मलेला रुडयार्ड किपलिंग एप्रिल १८७१ मध्ये याच मार्गाने विलायतेस नेला गेला. तो पाच वर्षांचा, बहीण तिसरे वर्षही न उलटलेली. साउथसी येथे एका परक्या घरी दोघांना ठेवून आईबाप परतले. मुलांना नीट सांगितलेही नाही. पुढची पाचएक वर्षे तो तेथे होता आणि ती जखम त्याने जन्मभर बाळगली. हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबांत हा अपवाद नव्हता. उन्हाने मुले खंगतात, ‘देशी’ वळण लागते, म्हणून पाच ते सात या वयात त्यांना ‘घरी’ धाडायचे, हा शिरस्ताच होता. ज्या घराला ती ‘घर’ म्हणत, ते त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेलेही नसे. त्यांची अंगाई, त्यांची बोली, त्यांचा लळा सारा मुंबई-कलकत्त्याचा.

तो लळा लावणारी बाई अनेकदा बोटीवरही असे. तिला म्हणत आया. शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. आपल्याकडे ‘आई’चे अनेकवचनही आयाच होते, हा योगायोग मला नेहमी बोलका वाटतो. आगबोटीवर मेमसाहेब समुद्र लागून पडलेली असता तापलेल्या पोरांना रात्रभर वारा घालणारी, ओल्या फडक्याने अंग पुसणारी हीच. हे काम धंदा म्हणून करणाऱ्या ‘फिरत्या’ आया तयार झाल्या होत्या. त्यांतल्या एकीने तर हा प्रवास ५४ वेळा केल्याचे सांगितले जाते. स्वतःची मुले मागे ठेवून. त्या मुलांविषयी कागदपत्रांत जवळजवळ काहीच सापडत नाही.

आणि डेकच्या खाली, बॉयलरपाशी, आगवाले. वर प्रवासी ज्या उष्म्याने बेजार, तोच उष्मा आणि त्यावर भट्टीची आच. तांबड्या समुद्रात शुद्ध हरपून आगवाल्यांनी पाण्यात उड्या घेतल्याचे उल्लेख त्या काळच्या नोंदींत आहेत. वरच्या भोजनगृहात वाढणाऱ्यांत पुष्कळ गोव्याचे. एकाच बोटीवर उन्हाळ्याचे असे मजले होते.

रमाबाई या मजल्यांत कोठेच नीट बसत नाहीत. त्या कोणाच्या मेमसाहेब नव्हत्या, कोणाच्या आयाही नव्हत्या. प्रवास त्यांच्या रक्तातच होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या बिऱ्हाडासोबत त्यांचे बालपण तीर्थाटनात, बव्हंशी पायी, गेले. आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात, वणवण चालू असतानाच, आईवडील गेले. पुढे बहीण, मग भाऊ, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती. उन्हातान्हात पोराला घेऊन चालणे म्हणजे काय, हे त्यांना मुलीच्या बाजूने माहीत होते. आता त्या आईच्या जागी होत्या.

इंग्लंडला पोचल्यावर त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेले दीर्घ पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यांचे बिऱ्हाड वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात पडले. आनंदीबाई भगत यांचा तेथेच, काही महिन्यांतच, आत्महत्येने अंत झाला. मनोरमा इंग्रजी बोलत वाढू लागली. १८८९ च्या आरंभी रमाबाई मुंबईत परतल्या त्या अमेरिकेहून पॅसिफिक ओलांडून, जपानच्या वाटेने, पृथ्वीप्रदक्षिणाच झाली.

आयांचे परतणे इतके सरळ नसे. मुले पोचवून झाली की मालकिणीने परतीचे भाडे द्यावे अशी अपेक्षा असे. ते न देता त्यांना लंडनमध्ये सोडून दिल्याची उदाहरणे आहेत. अशा बायकांसाठी चालवलेले ‘आयाज होम’ १९०० मध्ये हॅकनी भागात, २६, किंग एडवर्ड्‌स रोड येथे आले. हिंदुस्थानकडे निघणारे एखादे कुटुंब पुन्हा कामावर घेईपर्यंत त्या तेथे राहत, आणि मग दुसऱ्याच कोणाची तरी मुले कडेवर घेऊन तोच समुद्र उलट्या दिशेने ओलांडत. जून ते सप्टेंबर वायव्येचा वारा तांबड्या समुद्रात दक्षिणेच्या टोकापर्यंत पोचतो, त्यामुळे उन्हाळ्यात परतणाऱ्या बोटीला तो सबंध वाटेत पाठीवर मिळे. २०२२ मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपट्टिका लागली.