वार्धक्याच्या रक्तातील खुणा : मोजमाप आणि मर्यादा

साठीच्या दोन व्यक्तींची जन्मतारीख एकच असली तरी त्यांची शरीरे सारखीच थकलेली असतात असे नाही. एक व्यक्ती सहज गड चढून जाते, तर दुसरीला घराचा जिना चढताना धाप लागते. हा फरक आकड्यांत मांडता यावा म्हणून शास्त्रज्ञांनी 'जैविक वय' ही संकल्पना पुढे आणली. ते मोजण्यासाठी रक्त हे सर्वांत सोयीचे माध्यम ठरले आहे. रक्त सर्व अवयवांतून फिरते आणि एकाच व्यक्तीकडून पुन्हा पुन्हा घेता येते.

अशा खुणेची एक व्याख्या जॉर्ज बेकर आणि रिचर्ड स्प्रॉट यांनी १९८८ मध्ये मांडली. आजार नसतानाही, उतारवयातील शारीरिक क्षमतेचा अंदाज जन्मतारखेपेक्षा अधिक अचूकपणे देणारा घटक म्हणजे वार्धक्याची जैविक खूण, असा तिचा आशय आहे. ही अट दिसते तेवढी सोपी नाही. वयाबरोबर बदलणारे घटक रक्तात शेकड्यांनी सापडतात, पण या कसोटीला उतरणारे थोडेच असतात.

नेहमीच्या तपासण्यांतून

अमेरिकेतील संशोधक मॉर्गन लिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जन्मतारखेनुसारचे वय आणि रक्तातील नऊ घटक यांचे गणित मांडले जाते. अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, दाह दर्शवणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, अल्कलाइन फॉस्फेटेज, पांढऱ्या पेशींची संख्या, त्यांतील लिम्फोसाइट पेशींचे प्रमाण, तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान आणि त्या आकारमानातील तफावत हे ते नऊ घटक होत. यांपैकी शेवटचे चार घटक तर साध्या रक्तगणनेच्या अहवालातच छापलेले असतात. एकेकट्या घटकावरून फारसे काही सांगता येत नाही. नऊ एकत्र घेतल्यावर मात्र पुढील काळातील मृत्यूच्या धोक्याचा अंदाज नुसत्या वयापेक्षा अधिक चांगला बांधता येतो.

डीएनएवरील घड्याळे

गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर नावाच्या आवरणांचा बराच गाजावाजा झाला. त्यांच्या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही टोके वयाबरोबर आखूड होतात हे खरे. पण त्यांची लांबी जन्मतःच व्यक्तिगणिक इतकी वेगळी असते की एका मोजणीवरून एखाद्याचे वय ओळखणे कठीण जाते.

अधिक यश मिळाले ते मिथिल गटांच्या मोजणीला. डीएनएच्या धाग्यावर ठरावीक ठिकाणी हे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात आणि कोणती जनुके कार्यरत राहावीत यात त्यांचा वाटा असतो. वय वाढते तसे काही ठिकाणी ते वाढतात, काही ठिकाणी घटतात. प्रौढ तांबड्या पेशींत केंद्रक नसल्याने ही मोजणी पांढऱ्या पेशींतील डीएनएवर केली जाते. ग्रेगरी हॅनम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १९ ते १०१ वर्षे वयाच्या ६५६ व्यक्तींच्या रक्तावरून असे घड्याळ तयार केले. त्याच वर्षी स्टीव्ह होर्व्हाथ यांनी डीएनएवरील ३५३ ठिकाणांवर आधारलेले घड्याळ मांडले. ते रक्ताबरोबर इतर ऊतींनाही लागू पडत होते.

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. एखादे घड्याळ अगदी अचूक झाले, तर ते केवळ जन्मतारीख सांगेल आणि ती तर बहुधा आधीच ठाऊक असते. म्हणून नंतरची घड्याळे आरोग्य आणि मृत्यूचा धोका यांच्याशी जोडण्यात आली. २०१९ मधील ग्रिमएज हे त्यांपैकीच एक.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहराने वेगळी वाट दाखवली. तेथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ बालकांचा आयुष्यभर पाठपुरावा सुरू आहे. त्याच व्यक्तींची २६, ३२, ३८ आणि ४५ व्या वर्षी झालेली तपासणी आधाराला घेऊन २०२२ मध्ये ड्युनेडिनपेस ही चाचणी प्रसिद्ध झाली. ती वय सांगत नाही, वार्धक्याचा वेग सांगते. एक हा आकडा आला तर एका वर्षात शरीर एक वर्षाने वाढते असा त्याचा अर्थ.

टॉरिनचा धडा

एकाच व्यक्तीला वर्षानुवर्षे तपासणे का महत्त्वाचे, हे टॉरिनच्या प्रकरणातून स्पष्ट होते. मांस-मासळीतून मिळणारा आणि शरीरातही तयार होणारा हा पदार्थ अनेक शक्तिवर्धक पेयांत मिसळलेला असतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विजय यादव यांच्या नेतृत्वाखाली, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेले संशोधन जून २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साठीच्या व्यक्तींच्या रक्तातील टॉरिन पाच वर्षांच्या मुलांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश असते, असे त्यात म्हटले होते. मध्यमवयीन उंदरांना टॉरिन दिल्यावर त्यांचे आयुर्मान १० ते १२ टक्क्यांनी वाढले. माणसांवर परिणामाची चाचणी होण्याआधीच टॉरिनच्या गोळ्यांची चर्चा सुरू झाली.

जून २०२५ मध्ये त्याच नियतकालिकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेगळे चित्र मांडले. त्यांनी माणसे, माकडे आणि उंदीर यांचे रक्त तपासले. माणसांचे काही नमुने १९५८ पासून चालू असलेल्या बाल्टिमोर येथील पाहणीतले, म्हणजे त्याच व्यक्तींकडून वेगवेगळ्या वयांत घेतलेले होते. टॉरिन वयाबरोबर बहुतांश गटांत वाढलेले किंवा जैसे थे आढळले. व्यक्ती-व्यक्तींमधील फरक वयानुसार होणाऱ्या बदलापेक्षा मोठा होता. त्यामुळे टॉरिन ही वार्धक्याची भरवशाची खूण नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उंदरांवरील प्रयोगाचा निकाल यामुळे आपोआप खोटा ठरत नाही. परंतु रक्तातील कमतरता भरून काढावी, या युक्तिवादाचा पाया मात्र डळमळीत झाला.

असे पूर्वीही घडले आहे. जीडीएफ-११ हे प्रथिन वयाबरोबर घटते आणि ते दिल्यास वृद्ध उंदरांचे जाड झालेले हृदय पूर्ववत होते, असे हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये सांगितले. दोन वर्षांनी नोव्हार्टिस कंपनीतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मोजणीसाठी वापरलेले द्रव्य मायोस्टॅटिन या जवळच्या प्रथिनालाही चिकटत होते.

आकडा कितपत स्थिर?

एकाच रक्तनमुन्याची दोनदा तपासणी केल्यास प्रमुख डीएनए घड्याळांच्या निकालांत ३ ते ९ वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, असे २०२२ मधील एका अभ्यासात आढळले. गणिती सुधारणांनी ही तफावत बरीच कमी करता येते. खुब्याचे हाड मोडल्याने तातडीची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांचे जैविक वय वाढलेले दिसले आणि काही दिवसांतच पूर्ववत झाले, अशी नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. शिवाय, वयानुसार पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचे प्रमाणही बदलते. त्यामुळे पेशी म्हाताऱ्या झाल्या की केवळ त्यांचे मिश्रण बदलले, हे वेगळे काढावे लागते. घरपोच चाचणीत एकदाच आलेल्या आकड्यावरून औषध किंवा पूरक आहार सुरू करणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

भारतातील अडचण

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७० हजारांहून अधिक जणांचा समावेश होता. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या पाहणीत वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांचे नमुनेही घेण्यात आले. मात्र जैविक वय जन्मतारखेनुसारच्या वयाहून किती पुढे वा मागे, हे सांगण्यासाठी मुळात ती तारीख ठाऊक असावी लागते. जुन्या पिढीतील अनेकांच्या जन्माची नोंदच झालेली नाही. जनगणनेत शून्य किंवा पाच या अंकांनी संपणारी वये प्रमाणाबाहेर आढळतात ती याच कारणाने.