तोतया : एक शब्द, एक बंड

रेवसच्या धक्क्यावरून आम्ही लाँचने मुंबईस जातो. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी याच कुलाबा मुलखातून एक मनुष्य मुंबई गाठू पाहत होता. 'तोतया' हा शब्द मराठी मनात ठसला, तो त्याच्या बंडामुळे.

सोंग बहुरूपीही घेतो. परंतु शेवटी आपली ओळख देऊन बिदागी मागतो. तोतया सोंग उतरवीत नाही. दुसऱ्याचे नाव, नाते आणि हक्क तो बळकावतो. एसावाची वस्त्रे लेवून अंध पित्याचा आशीर्वाद मिळवणाऱ्या याकोबाची गोष्ट आपणांस ठाऊकच आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पुष्कळांना ते खरे वाटेना. पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य पत्करलेच नाही. अशा आशेवर एका कनोजी ब्राह्मणाने 'मीच भाऊ' असा दावा मांडला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटताच त्याने हजारोंची फौज जमवून कोकणातील किल्ले घेतले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो मुंबईकडे पळत असता कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्यास धरले. डिसेंबरात पुण्यास त्याला देहदंड झाला.

पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या, तेव्हा कुठे भाऊंचीही उत्तरक्रिया झाली.

आजही वर्तमानपत्रांत तोतया पोलीस, तोतया डॉक्टर भेटतात आणि फसलेल्यांना आपण हसतो. हसण्यापूर्वी बावीस वर्षे वाट पाहणाऱ्या त्या पत्नीचे स्मरण करावे. माणसे वाट पाहतात, म्हणूनच तोतयाचे फावते.