टॉर्क पाना : घरच्या दुरुस्तीत हवा की नको?

नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग ५३ गोंदिया जिल्ह्यातील देवरीवरून जातो. अशा वेगवान रस्त्यावर चाकाचा सैल नट जिवावर बेतू शकतो. नटाला दिलेला पीळ टॉर्क पाना न्यूटन-मीटरमध्ये मोजतो. लहान मोटारींसाठी हा पीळ साधारणतः ८० ते ११० असतो. नेमका आकडा वाहनाच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. पाव मीटर लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकावर ६० किलो वजनाची व्यक्ती उभी राहिल्यास तो सुमारे १४७ होतो. अतिपिळाने आटे बिघडतात, स्टड ताणला जातो. एअर फिल्टर वा बल्ब बदलण्यास हे साधन अनावश्यक. मात्र घरी चाके, ब्रेक वा स्पार्क प्लग हाताळणाऱ्यांनी ते अवश्य बाळगावे.