एका रकान्यात न मावणारे

सन १९००. फ्लोरिडातल्या टाम्पा शहरातली ईबोर सिटी. तुमच्या दाराच्या चौकटीला एक खिळा ठोकलेला आहे, आणि त्या खिळ्यावर हातभर लांब पाव खोचून बेकरीवाला पहाटेच पुढे गेलाय. पावाच्या पाठीवर पाल्मेटोच्या पानाची पट्टी चिकटली आहे. तिच्यामुळे भाजताना पाव मधोमध नीट उकलतो. तुकडा मोडा, दूध घातलेल्या कडक कॉफीत बुडवा आणि निघा, कारखान्याची वेळ झाली.

आज तुम्ही हवानाहून आलेले, काळ्या वर्णाचे सिगार कारागीर आहात. पुढच्या मुक्कामी कोणी दुसरेच असाल. इथे मात्र तुमच्या हातात चावेता आहे, म्हणजे मूठ नसलेलं, गोलसर धारेचं पातं. आत भरायची पानं मुठीत जुळवायची, त्यांच्यावर एक पान गुंडाळायचं, सगळ्यात चांगलं पान वरून तिरकं वळवत न्यायचं आणि टोक बंद करायचं. उंच खिडक्यांमधून उजेड येतो. लाकडी बाकांच्या रांगा दूरवर गेल्या आहेत, आणि मध्ये एका उंच मचाणावर खुर्ची टाकून एक माणूस बसलाय.

तो लेक्टर. कामगारांना वाचून दाखवणं हाच त्याचा पेशा. त्याला पगार मालक देत नाही, तुम्ही देता, दर आठवड्याला आपापल्या कमाईतून. त्याला निवडताही तुम्हीच. सकाळी वर्तमानपत्रं, दुपारनंतर कादंबरी. सर्व्हान्टेस, ह्यूगो, झोला. कोणतं पुस्तक घ्यायचं यावर मत घेतलं जातं. अक्षरओळख नसलेला कारागीरही झोलाच्या पात्रांवरून वाद घालतो. एखादा उतारा रंगला की टाळ्या वाजवायला कोणाचे हात मोकळे नसतात, मग सगळे आपापला चावेता फळीवर ठोकतात. शेकडो पात्यांची ती टकटक एकदा ऐकाच.

आता जरा शेजारी बघा. डावीकडचा स्पेनच्या उत्तरेतल्या आस्तुरियास प्रांताचा आहे. उजवीकडचा तुमच्याच हवानाचा, पण गोरा. मागचा सिसिलीचा इटालियन, त्याने स्पॅनिश शिकली ती लेक्टरचं ऐकून ऐकून. १८८०च्या दशकात ही वस्ती ज्याने वसवली तो व्हिसेंते मार्तिनेझ ईबोर स्पेनमध्ये जन्मला, क्युबात श्रीमंत झाला आणि धंदा अमेरिकेत घेऊन आला. या कारखान्यात चांगल्या जागा बहुतेक स्पॅनिश माणसांना मिळतात. १८९५ ते १८९८ या काळात क्युबा स्पेनविरुद्ध लढत होता, तेव्हा तुम्ही आपल्या मजुरीतला वाटा लढ्यासाठी देत होता आणि दोन हातांवर स्पॅनिश शेजारी सिगार वळत होता. भाषा एक, देव एक, धंदा एक. तरीही त्या तीन वर्षांत बाकावर बोलणं किती जपून झालं असेल, याची कल्पना करा.

क्युबाचा कवी आणि पुढारी होसे मार्ती १८९१मध्ये प्रथम इथे आला. या कारागिरांपुढे त्याने भाषणं केली. इथे आला की तो पाउलिना पेद्रोसो या काळ्या क्युबन बाईच्या घरी उतरत असे. १८९५मध्ये तो रणांगणावर पडला. त्याच्या स्वप्नातल्या क्युबात रंगावरून फरक नव्हता, आणि कारखान्याच्या बाकावर तो खरंच नाही. काळा आणि गोरा शेजारी बसतात, एकाच दराने पैसे घेतात.

संध्याकाळी मात्र तुम्हाला क्लबात जायचंय. ईबोर सिटीत क्लब म्हणजे निव्वळ गप्पांचा अड्डा नाही. महिन्याची वर्गणी भरली की डॉक्टर, औषध, नाचाचा हॉल, डॉमिनोचा डाव आणि शेवटी अंत्यविधीचीही सोय. स्पॅनिश मंडळींचा सेन्त्रो एस्पान्योल १८९१पासून आहे. आजपासून दोन वर्षांनी त्यातले आस्तुरियासवाले वेगळे निघून आपला सेन्त्रो आस्तुरियानो काढतील. इटालियनांचा तिसराच. क्युबनांनी गेल्या वर्षी स्वतःचा काढला, गोरे-काळे मिळून. आणि या वर्षी तो फुटतोय. फ्लोरिडात काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचे कायदे आहेत, आणि तुमच्याच बाकावरचे गोरे सोबती त्या भिंतीच्या पलीकडे जातात. तुम्ही उरलेले जण नवी संस्था काढता आणि नाव देता मार्ती आणि मासेओ. एक गोरा कवी, एक सावळा सेनापती. ज्या दोघांनी एकत्र लढा दिला, त्यांच्या नावाने फुटलेली संस्था उभी करायची, यातली बोच तुमच्याइतकी कोणाला कळणार?

१९०४मध्ये ती दुसऱ्या एका मंडळाशी मिळून ला उनिओन मार्ती-मासेओ होते. संस्था अजून आहे. तिची पहिली इमारत १९६०च्या दशकात शहर सुधारणेच्या नावाखाली पाडली गेली. बाकीच्या क्लबांच्या देखण्या विटांच्या इमारती आजही उभ्या आहेत. लेक्टर गेला १९३१मध्ये. कामगारांना चिथावतो म्हणून मालकांनी त्याला काढलं आणि मचाणाच्या जागी रेडिओ आणला.

पुढचा मुक्काम थोडक्यात आटोपू, कारण तिथे थांबणं सोपं नाही. १९५६, टेक्ससमधलं हिदाल्गो, मेक्सिकोची सरहद्द. तुम्ही ग्वानाव्हातोच्या एका खेड्यातले शेतकरी, ब्रासेरो, म्हणजे कंत्राटी शेतमजूर, म्हणून निघालेले. निवडीच्या वेळी तुमचे तळहात उलटेपालटे करून पाहिले. घट्टे असतील तर माणूस कामाचा. इथे रांगेत उभं केलंय, कपडे उतरवलेत, आणि तोंडाला मुखवटा लावलेला माणूस तुमच्या अंगावर डीडीटीची पूड फवारतोय. मग कंत्राट, मग बस, मग कॅलिफोर्नियातला सॅलडच्या पानांचा मळा आणि आखूड दांड्याचं खुरपं. त्याचा दांडा इतका आखूड की दिवसभर कमरेत वाकूनच राहावं लागतं. (कॅलिफोर्नियात त्या अवजारावर बंदी आली ती १९७५मध्ये.) १९४२ ते १९६४ या काळात अशी सुमारे ४६ लाख कंत्राटं झाली, अनेकांची पुन्हापुन्हा. हंगाम संपला की परत जायचं. त्या देशाला तुमचे हात हवे होते, बिऱ्हाड नको होतं.

आता सहा वर्षं मागे या. १९५०, न्यूयॉर्क. तुम्ही नऊ वर्षांची मुलगी आहात, आईबरोबर पोर्तो रिकोहून विमानाने आलेली. विमानतळावर कोणी कागद विचारले नाहीत, कारण १९१७पासून पोर्तो रिकोची माणसं अमेरिकेची नागरिकच आहेत. थंडीचा कोट मात्र कोणी दिला नाही. पूर्व हार्लेमला तुमची माणसं एल बारिओ म्हणतात, म्हणजे आपली पेठ. पार्क अव्हेन्यूवर रेल्वेच्या पुलाखाली ला मार्केता हा बाजार आहे, महापौर ला ग्वार्डिया यांच्या काळात १९३६मध्ये सुरू झालेला. वरून गाडी गेली की तराजू हलतो. आई खारवलेला सुका कॉड मासा दाबून पाहते, हिरवी केळी घेते, अळकुड्यांच्या जातीचे यौतिया नावाचे कंद नखाने खरवडून आतला रंग बघते. मग बीन्स. तुमच्या घरी लाल नाहीतर गुलाबी. शेजारच्या खोलीत क्युबन बिऱ्हाड आहे, त्यांच्याकडे काळे. मेक्सिकन असते तर पिंटो घेतले असते. गोया ही कंपनीही १९३६चीच, स्पेनमध्ये जन्मून पोर्तो रिकोत व्यापार केलेल्या प्रुदेन्सियो उनानुए यांनी काढलेली. ती पुढे मोठी झाली ती हेच ओळखून, की कोणत्या वस्तीतल्या फळीवर कोणत्या रंगाचे बीन्स ठेवायचे. सरकारच्या आधी वाण्याला हे कळलं, आणि मला त्यात काही नवल वाटत नाही.

दुपारी आई तुम्हाला घरभाड्याच्या कचेरीत घेऊन जाते. इंग्रजी तुम्हालाच येते, तीही अर्धीमुर्धी. टेबलामागचा माणूस जे म्हणतो त्यातलं निम्मं तुम्ही आईला सांगत नाही. काय गाळायचं हे नवव्या वर्षी ठरवावं लागतं.

शनिवारी रात्री तुमचा मोठा भाऊ ब्रॉडवेवरच्या पॅलेडियममध्ये मांबो नाचायला जातो. मंचावर क्युबात वाढलेला माचितो, नाहीतर न्यूयॉर्कमध्येच पोर्तो रिकन आईबापांच्या पोटी जन्मलेला तितो पुएन्ते. फरशीवर ज्यू आणि इटालियन पोरंही नाचतात. त्या हॉलमध्ये वेगळेपण मिटत नाही, पण चार तास ते कोणाला खुपतही नाही.

१९६६, मायामी. तुम्ही हवानाचे वकील होता, आता हातात एक सूटकेस. फ्रीडम टॉवर नावाच्या इमारतीत सरकारी माणसं तुमची नोंद करतात, डॉक्टर तपासतात, दुधाची भुकटी आणि डबाबंद मांस देतात. त्याच वर्षी झालेला कायदा तुम्हाला कायमच्या वास्तव्याची वाट मोकळी करून देतो. अठरा वर्षं पुढे सरका. १९८४मध्ये यादवीतून पळालेल्या एल साल्वादोरच्या माणसांनी आश्रय मागितला, तेव्हा शंभरात तिघांनाही तो मिळाला नाही. एक साम्यवादी राजवटीतून पळालेला, दुसरा अमेरिका ज्या सरकारला पैसा आणि शस्त्रं पुरवत होती त्याच्या सैनिकांपासून पळालेला. इथे स्पॅनिश भाषेचा काहीच संबंध नव्हता.

क्युबनांचंही एक गाठोडं समजू नका. १९८०मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाख लोक बोटींनी आले, त्यांत गरीब आणि काळे क्युबन आधीच्यांपेक्षा जास्त. मायामीत आधीपासून स्थिरावलेल्यांपैकी अनेकांनी नाकं मुरडली. एरवी भांडणाचे विषय हलकेही असतात. क्युबन सँडविचमध्ये टाम्पावाले सलामी घालतात, शेजारच्या इटालियनांची देणगी म्हणून. मायामीवाल्यांना ती भेसळ वाटते. मिसळीवरून पुण्या-कोल्हापुरात चालतं तसंच. २०१२मध्ये टाम्पाच्या नगर परिषदेने सलामीवालं सँडविच शहराचं म्हणून ठरावाने जाहीर केलं.

आणि मारिएलच्याच वर्षी, १९८०मध्ये, जनगणनेच्या अर्जात पहिल्यांदा प्रत्येक घराला विचारलं गेलं, तुम्ही स्पॅनिश किंवा हिस्पॅनिक वंशाचे आहात का? तुमचा तो मार्ती-मासेओवाला, ब्रासेरो, नऊ वर्षांची मुलगी आणि वकील, सगळे एका रकान्यात आले. त्याचा फायदाही झाला, तो नाकारू नये. मोजदाद झाली म्हणून शाळांमध्ये स्पॅनिश शिक्षक मागता आले, मतदारसंघ मागता आले.

शेवटी आजच्या दिवसात या. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये सात नंबरच्या गाडीतून ७४व्या रस्त्यावर उतरा. इथे मराठी माणसाला लगेच घरच्यासारखं वाटेल. साड्यांची दुकानं, सोनार, पोहे आणि डाळी. पण रूझवेल्ट अव्हेन्यू धरून पूर्वेकडे चालू लागा. डोक्यावर गाडीचा धडधडाट, खाली कोलंबियाचे आरेपा भाजणारे, एक्वादोरचं सेविचे, मक्याच्या लाह्या टाकून. पुढे कोरोनाकडे मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातल्या बाया पहाटेपासून तामाले विकतात. त्यांच्यापैकी काहींच्या घरी बोलली जाते ती स्पॅनिश नव्हे, मिश्तेक किंवा नाहुआत्ल. एक्वादोरच्या लोकांनी न्यूयॉर्कमध्ये किचवा हातारी नावाचा किचवा भाषेतला रेडिओ चालवलाय.

आता दवाखान्यातल्या खिडकीपाशी उभे राहा. तुम्ही ग्वातेमालाच्या डोंगरातून आलेल्या माम भाषा बोलणाऱ्या बाई आहात. अर्जावर हिस्पॅनिक अशी खूण झाली, म्हणून स्पॅनिश दुभाषी बोलावला. तो अदबीने विचारतो, दुखतं कुठे? तुम्ही मान हलवता. त्याला वाटतं, समजलं. तुम्हाला फक्त एवढंच कळलंय की तो काहीतरी विचारतोय. चूक दुभाष्याची नाही, अर्जाची आहे.

२०२०च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लोक या रकान्यात होते. वंशाचा प्रश्न वेगळा होता. त्यात गोरे, काळे वगैरे पर्याय सोडून, फक्त ‘इतर’वर खूण करणारे त्यांच्यात चाळीस टक्क्यांहून अधिक निघाले. मार्च २०२४मध्ये अमेरिकन सरकारने नियम बदलला. त्यानुसार वंश आणि हिस्पॅनिक असणं हा एकच प्रश्न, त्याखाली मेक्सिकन, पोर्तो रिकन, साल्वादोरन, क्युबन, डोमिनिकन, ग्वातेमालन असे तपशील, आणि एकापेक्षा जास्त खुणा करण्याची मुभा. आफ्रिकी वंशाच्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या, अभ्यासकांनी लगेच हरकत घेतली, की यात काळे लॅटिनो मोजणीतून निसटतील. माझ्या मते त्यांची हरकत रास्त आहे.